आधी लोकांचं

पाऊस जरा उतरलाय, पण झोप येत नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर संध्याकाळी पाणी 41 फूट होतं. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आमच्या गल्लीत शाळेत न जाणाऱ्या पोरालाही पाठ असतं. कुणी नुसतं "किती?" म्हटलं तरी कशाबद्दल विचारतोय ते कळतं.

पाण्याची भीती आहेच, पण आज खुपतंय ते दुसरंच. माझी ट्रंक सगळ्यात शेवटी वर गेली.

दुपारी राधानगरीचे दरवाजे उघडल्याचा मेसेज आला. ते दरवाजे कुणी उघडत नाही, धरण भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला येऊन मिळेपर्यंत जेवढा वेळ, तेवढा आपल्या हातातला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेसेज पुरता वाचलाही नाही. चष्मा काढून खिशात घातला आणि सरळ पाट उचलायला लागले.

आमचं घर गणपती करणाऱ्यांचं, म्हणून आधी पाट. मूर्ती बसवायला गिऱ्हाइकांनी आणून दिलेले, मागच्या बाजूला खडूनं नाव लिहिलेले. काही इतके जुने की कडा झिजून गोल झाल्यात. मग पाटावर बसलेले, रंग झालेले गणपती. मग नुसता पांढऱ्या रंगाचा हात दिलेले. मग कच्चे. शाडूची मूर्ती भाजलेली नसते, खालून पाणी लागलं की बैठक विरघळायला लागते आणि वरचा गणपती बघता बघता कलतो. 2019 च्या पुरात आम्ही ते डोळ्यांनी बघितलंय. म्हणून कच्ची मूर्ती उचलताना हाताला, सोंडेला धरायचं नाही, दोन्ही तळवे बैठकीखाली घालून पोटाशी घ्यायची आणि जिना चढताना श्वास रोखायचा. आई, वहिनी, मी, शेजारची दोन पोरं, सगळ्यांनी तेच केलं. माझ्या पंजाबी ड्रेसच्या पुढच्या बाजूला अजून शाडूचा पांढरा डाग आहे. धुतला तरी राहील बहुतेक.

मधे एकदा मी म्हटलं, "आबा, माझी ट्रंक तेवढी घेऊ का वर?"

"ऱ्हाऊ दे गं, ती कुठं जातीया. आधी लोकांचं."

बास, एवढंच. आवाज चढला नाही, वळूनही बघितलं नाही. आणि मला आतून काहीतरी टोचलं ते अजून निघत नाही.

त्या ट्रंकेत माझ्या मार्कशीट आहेत, दादानं पुण्यातून पाठवलेली पत्रं आहेत, आणि तिकडून परत येताना आणलेल्या दोन-चार गोष्टी. त्याबद्दल नको. माझं म्हणावं असं या घरात तेवढंच आहे. इकडं लोकांचे पाट कापडात गुंडाळून वर जातायत आणि माझी ट्रंक जिन्याखाली पायताणांच्या शेजारी. मला लहानपणापासूनचं सगळं आठवायला लागलं. दिवाळीत आम्ही ढिगानं पणत्या विकायचो आणि आमच्याच दारात पणती लागायची ती सगळा बाजार उठल्यावर. घरचा गणपती तर नेहमीच शेवटी रंगतो, पितांबराला जो रंग उरला असेल तो. एका वर्षी जांभळा उरला होता. मी रडले होते. आई म्हणाली होती, "आपलाच हाय, रागवायचा न्हाई."

आपलं असलं की मागं राहायचं. हे कुणी कधी शिकवलं नाही. घरात तसंच चालत आलं.

2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा चतुर्थीला महिनासुद्धा उरला नव्हता. खाली ठेवलेल्या मूर्तींचा चिखल झाला होता. घरात धान्य भिजलेलं, भिंतींना ओल, आणि आबा पहिल्यांदा काय करायला बसले, तर विसाराची वही उन्हात वाळवायला. पानं एकमेकांना चिकटली होती, ती भाकरीच्या उलथण्यानं एकेक सुटी केली. ज्यांची मूर्ती परत करून देणं जमणार नव्हतं त्यांचा विसार घरी नेऊन दिला. काहींनी घेतला नाही. काहींनी घेतला, आणि आबांना त्यांचंही वाईट वाटलं नाही. त्या महिन्यात आमच्या घरी दूध अर्धा लिटर यायचं. मला तेव्हा राग आला होता की अभिमान वाटला होता, आता सांगता येत नाही. दोन्ही असेल.

मी बँकेत बसते. लॉकरचे नवे करार करून घेताना लोकांना समजावून सांगणं माझ्याकडं होतं. 2022 पासूनचा नियम असा, की आग लागली, चोरी झाली, इमारत पडली किंवा बँकेच्याच माणसानं फसवलं तर वर्षाच्या भाड्याच्या 100 पटीपर्यंत बँक जबाबदार. पण पूर, भूकंप, वीज यानं नुकसान झालं तर नाही. ते कलम मी कितीतरी जणांना वाचून दाखवलंय आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुराला कोण काय करणार? पण आबांच्याकडं पाट ठेवून जाणाऱ्याला पावती नसते, करार नसतो, नुसतं "ठेवा" म्हणून लोक जातात. आणि नेमकं पूर आला की आबांची जबाबदारी सुरू होते.

संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. मूर्तीचं काहीच विचारलं नाही त्यांनी. "आमचा पाट वर ठेवलाय न्हवं? सासूबाईंच्या हातचा हाय." आबा म्हणाले, "माडीवर, खिडकीकडनं दुसरा. काळजी करू नका." इतक्या पाटांत त्यांना तो नेमका कुठं आहे ते माहीत होतं. मला वाटलं, माझ्या ट्रंकेत काय आहे हे यांना माहीत आहे का? कधी विचारलंय का?

मग अंधार पडल्यावर शेवटची खेप निघाली. मी ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी आबांनी. त्याच खेपेला त्यांच्या कोरण्या गेल्या, आजोबांच्या वेळेपासूनच्या, लाकडी मुठी गुळगुळीत झालेल्या. त्या हरवल्या तर आबांचा हात मोडल्यासारखंच. त्यांच्या बीपीच्या गोळ्या, आईचं अंथरूण, आजीचा फोटो, सगळं त्या खेपेला. माझी ट्रंक एकटी मागं राहिली नव्हती. त्यांनी स्वतःचंही तिथंच ठेवलं होतं, माझ्या शेजारी. जिन्यात ते मधे थांबले, दम लागला होता. मी म्हटलं मी नेते, तर म्हणाले, "जड हाय की गं, काय भरलंयस?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं चढले.

हे दिसल्यावर राग ओसरला. म्हणजे बराचसा. मी त्यांच्या जागी असते तर आधी ट्रंकच उचलली असती, आणि त्यात मला लाज वाटायचं कारण नाही. मला माझं जपायचंय, इतकी वर्षं ते जपायला जागाच नव्हती. आबांना शब्द जपायचाय. एका घरात राहून आमची दोघांची पहिली खेप वेगळी आहे. ती तशीच राहील असं दिसतंय, आणि त्यावर भांडण करण्यासारखं मला आता काही वाटत नाही.

फक्त "काय भरलंयस" म्हणाले त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. उद्या चहाच्या वेळी सांगणार आहे. पत्रांचं, मार्कशीटचं, जमलं तर बाकीचंही. ते ऐकून घेतील. पुन्हा पाणी आलं तर पहिल्यांदा पाटच उचलतील आणि मीही खालून तळवे घालून मूर्तीच नेईन, पण ट्रंकेत काय आहे ते त्यांना ठाऊक असलेलं मला हवंय.