सोसायटीच्या एका पत्रापायी ३१ दिवस अडलेलं लीकेज : माझा अनुभव

आमच्या घरातल्या लीकेजचं काम कितीतरी आठवड्यांनी एकदाचं संपलं. प्रत्यक्ष तपासणीला लागले अडीच तास आणि घर तयार करायला दोन संध्याकाळी. बाकीचा सगळा वेळ सोसायटीच्या ऑफिसात गेला. तो राग अजून गेलेला नाही म्हणून सविस्तर लिहितेय, ज्यांच्याकडे वरच्या घरातून पाणी झिरपतंय त्यांना उपयोग होईल.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग १९९६ ची, पाण्याच्या लाइनी सगळ्या भिंतीत गाडलेल्या आणि जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या). डिसेंबरच्या सुरुवातीला बाथरूमबाहेरच्या पॅसेजच्या छताला ओल दिसली, मग सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीला फुगारा आला आणि पोपडे पडायला लागले. पाऊस नाही काही नाही, म्हणजे पाणी वरूनच येतंय हे उघड होतं. नेहमीच्या प्लंबरने वरच्यांच्या बाथरूममध्ये जाऊन टाइल्सचे सांधे व्हाइट सिमेंटने भरले, पैसे घेतले आणि गेला. आठ दिवसांनी डाग आणखी मोठा. मग ठरवलं की आता अंदाजाने फोडाफोडी नको, मशीनवाल्यालाच, म्हणजे यंत्रं लावून लीकेज शोधणाऱ्यालाच बोलवायचं.

त्यांनी तपासणीआधीच्या तयारीची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. ओली भिंत मोकळी करा, कपाट पलंग दोन-तीन फूट लांब घ्या. पुट्टी किंवा रंग अजिबात लावू नका (आम्ही पेंटरला बोलावलंच होतं, नशीब तो आला नाही, नाहीतर डाग कुठून सुरू होतो हेच झाकलं गेलं असतं). ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. डाग कधी वाढतो ते लिहून ठेवा. हे शेवटचं फार कामाचं आहे हं. फक्त आंघोळी झाल्यावर ओल वाढत असेल तर बहुतेक नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) किंवा टाइल्समधून पाणी जातंय, फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची, आणि रात्रंदिवस सारखीच ओली राहत असेल तर प्रेशरची, म्हणजे नळाला पाणी आणणारी कायम भरलेली लाइन फुटलेली असण्याची शक्यता जास्त. आमच्या नोंदीत वरची मुलं चार दिवस गावाला गेली होती तेव्हाही ओल तेवढीच होती. तपासणीला आलेला माणूस सगळ्यात आधी तेच वाचून म्हणाला, निम्मं काम झालं.

नोंदी सोडून बाकी सगळं आम्ही दोन दिवसांत उरकलं. यादीत शेवटी एक ओळ होती : वरच्या फ्लॅटमध्ये जाण्याची मालकाची लेखी परवानगी, आणि त्या फ्लॅटचं पाणी दोन तास बंद.

वरचा ३०३ नंबरचा फ्लॅट भाड्याने दिलेला, मालक बंगळुरूला. राहणारी तीन मुलं अगदी चांगली, म्हणाली काकू कधीही या. पण टाइल फोडायची वेळ आली तर त्यांच्या शब्दावर कोण फोडणार? मालकांना फोन केला तर ते म्हणाले, माझ्याच फ्लॅटमधून गळतंय हे कशावरून, सोसायटीचं पत्र येऊ दे मग बघतो. सोसायटीचं ऑफिस मंगळवार आणि शनिवार संध्याकाळी ७ ते ९. तिथे गेले तर उत्तर मिळालं, हे दोन मेंबरमधलं आहे, आपसात मिटवा, मालकाची परवानगी आणलीत की आम्ही पत्र देतो. म्हणजे मालकाला सोसायटीचं पत्र हवं आणि सोसायटीला मालकाची परवानगी हवी. मी दोघांचं म्हणणं दोघांना सांगत बसले आणि तोंडी बोलण्यात दहा दिवस वाया घालवले.

८ जानेवारीला लेखी अर्ज दिला, सोबत तारखेसकट फोटो. तेव्हाही पोच द्यायला का कू चाललेलं, शिक्का कपाटात आहे, चावी नाही वगैरे. मी म्हटलं मी थांबते, चावी येऊ दे. पाऊण तास बसले आणि सही शिक्का घेऊनच उठले. पुढे सगळं त्या एका कागदावर चाललं, म्हणून सांगते, अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

मग कळलं की विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये घ्यावा लागेल. १६ तारखेची मीटिंग, तर कोरमच झाला नाही, म्हणजे पुरेसे मेंबरच आले नाहीत. २३ ला झाली, विषय मंजूर झाला, मी त्याच रात्री मशीनवाल्याकडून तारीख घेतली. २९ ला पत्र हातात पडलं, फोटो काढून मालकांना पाठवलं, तर त्यांचा मेसेज आला की हे पत्र ३०४ च्या नावाने आहे, माझा काही संबंध नाही. खरंच ३०४ लिहिलं होतं! माझ्या अर्जात तीन ठिकाणी ३०३ होतं. इतका संताप झाला की काय सांगू. इकडे सासूबाईंचा पलंग आम्ही हॉलमध्ये हलवलेला, त्यांना दमा, ओलीच्या खोलीत झोपवणं शक्य नाही, आणि तिकडे एका आकड्यासाठी मशीनवाल्याची तारीख रद्द करावी लागली. १ फेब्रुवारीला दुरुस्ती करून मागितली तर सही करणारे लग्नाला सांगलीला गेलेले. दुसऱ्या कुणी सही केली तर चालेल का, तर म्हणे नाही. ५ ला परत गेले तर ते आलेले नव्हते.

त्या दोन-तीन दिवसांत मी सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवायचे नमुना नियम, वाचून काढले. त्यात दुरुस्तीच्या खर्चाच्या भागात सरळ लिहिलंय की बाहेरच्या सामाईक पाइपलाइनचं लीकेज संस्थेने दुरुस्त करायचं, आणि संडास, सिंक वगैरेमधून होणाऱ्या आतल्या लीकेजचा खर्च संबंधित फ्लॅटवाल्यांनी करायचा, पण लीकेज कुठलं हे संस्थेने शोधून ठरवायचं. म्हणजे 'आपसात मिटवा' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. त्या पानाची झेरॉक्स आणि पोचची प्रत घेऊन ८ फेब्रुवारीला गेले आणि समोर ठेवली. कमिटीतल्या एका ताईंनी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. दहा मिनिटांत ३०३ चं पत्र सहीसकट तयार झालं. हेच दहा मिनिटांचं काम ३१ दिवस का रखडलं याचं उत्तर मला कुणीच दिलं नाही. तुमच्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारलेत ते आधी बघून घ्या, आणि पहिल्या अर्जातच त्या कलमाचा उल्लेख करा, मी केला असता तर जानेवारी वाचला असता.

पत्र गेल्यावर मालकांनी मात्र त्याच दिवशी ईमेलवर परवानगी दिली. त्यांच्यावर माझा राग नाही.

मग परत तयारी, आणि इथे एक गोष्ट यादीत नव्हती ती सांगते. गच्चीवर टाकीखाली १६ व्हॉल्व, कुठला कुणाचा हे वॉचमनलाही माहीत नाही. आदल्या दिवशी मी आणि मिस्टर एकेक बंद करत, वरच्या मुलांना फोनवर नळ गेला का विचारत शोधत बसलो. सापडला तो गंजून जाम झालेला! प्लंबरला बोलावून नवा बॉल व्हॉल्व टाकला. हे आदल्या दिवशी कळलं म्हणून बरं, नाहीतर माणूस येऊन व्हिजिटचे पैसे घेऊन परत गेला असता. आता सोळाही व्हॉल्वना फ्लॅट नंबरच्या पट्ट्या लावल्यात.

प्रत्यक्ष दिवशी सकाळपासून त्या बाजूला पुसापुशी केली नाही, वरच्या मुलांनी आंघोळी आमच्याकडे केल्या आणि त्यांचा गीझर आदल्या रात्रीपासून बंद. त्या माणसाने आधी मॉइश्चर मीटर भिंतीला टेकवत आकडे घेतले, मग कॅमेऱ्यातून छत पाहिलं. हा थर्मल कॅमेरा भिंतीच्या आतलं बघतो असं मला वाटायचं, तसं नसतं, तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, ओली जागा थंड दिसते. नंतर वर गीझर लावून गरम पाणी सोडलं तेव्हा भिंतीतली गरम लाइन कॅमेऱ्यात स्पष्ट दिसली, आणि गीझरखालच्या वळणाशी ती पसरट झालेली. खात्रीसाठी गीझरच्या नळ्या सोडवून गरम लाइनला हातपंप लावला, ५ किलो प्रेशर (दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो) भरलं, दहा मिनिटांत पंपावरच्या मीटरचा काटा खाली. थंड पाण्याच्या लाइनचा काटा हलला नाही. ऐकायचं यंत्रही त्याने लावलं, पण गच्चीच्या टाकीचं प्रेशर आमच्या मजल्यांना एक किलोच्या आसपासच, त्यामुळे गळतीचा आवाज फार बारीक. तरी त्यासाठी खालचा पाण्याचा पंप आणि आमचा फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवले होते, वॉचमनला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं.

हो, आणि टपकणारे नळ आधी दुरुस्त करून घ्या. वॉशर गेलेल्या नळातूनही प्रेशर उतरतं, मग काटा लीकेजमुळे पडला की नळामुळे ते कळत नाही. मुलांचा शॉवरचा नळ टपकत होता, तो मी आधीच्या रविवारी बदलून दिला होता.

फक्त चार टाइल्स काढल्या. आत जीआयचा एल्बो (पाइपाच्या वळणाचा जोड) गंजून सुईएवढं भोक पडलेलं, त्यातून इतके महिने पाणी चाललेलं. तो तुकडा बदलून परत प्रेशर भरलं, अर्धा तास काटा जागेवर. मालकांनी बिल भरलं. जुन्या टाइल्स कुणाकडेच शिल्लक नव्हत्या, जवळच्या रंगाच्या लावल्या, त्या फरक दाखवतात.

भिंत अजून रंगवलेली नाही. महिन्याभराने मशीनवाला परत येऊन आकडे बघणार आहे, तोपर्यंत पेन्सिलच्या रेघा तशाच ठेवल्यात, ८ जानेवारीच्या रेघेपर्यंत ओल मागे सरकली आहे. सासूबाई कालपासून त्यांच्या खोलीत झोपायला लागल्या.