पावतीतली वेलांटी आणि लायब्ररीचा सोर्स कोड

इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका तयार लायब्ररीने (दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडच्या संचाने) पीडीएफ करायच्या होत्या. पहिल्याच पावतीवर ‘मिळाले’चं ‘मळिाले’ झालं, आणि ‘वर्गणी’तला रफार वर न चढता पाय मोडका र होऊन ग च्या शेजारी उभा राहिला.

पहिला संशय फाँटवर जातो. तोच नोटो सान्स देवनागरी लिबरऑफिसमध्ये लावून पाहिला, तिथे अक्षरं नीट. म्हणजे खोट लायब्ररीत. तिच्या माहितीपत्रकात ‘युनिकोड चालतं’ एवढंच लिहिलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. नेमकं काय चालतं, हे कोडमध्येच कळणार होतं.

इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये ‘सीमॅप’ हा शब्द ग्रेप केला, म्हणजे सगळ्या फाइलींत शोधला. कोणत्या कोडपॉइंटला (चिन्हाच्या युनिकोड क्रमांकाला) कोणता ग्लिफ (फाँटमधली आकृती), हे फाँटचं सीमॅप टेबल सांगतं. रफार आणि जोडाक्षरांचे नियम फाँटच्याच जीसब या ग्लिफ बदलण्याच्या टेबलात असतात, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणणं हे शेपिंग इंजिनाचं, म्हणजे ग्लिफ निवडून मांडणाऱ्या प्रोग्रामचं काम. इथे मात्र साधा लूप होता: कोडपॉइंट घ्या, ग्लिफ शोधा, त्याच्या रुंदीएवढं पुढे सरका. जीसबचा उल्लेखच नाही. ब्रेकपॉइंट लावून (प्रोग्राम मध्येच थांबवून) खात्री केली: ‘वर्गणी’चे 6 कोडपॉइंट, ग्लिफही 6. तोच शब्द हार्फबझ या शेपिंग इंजिनाच्या एचबी-शेप या आज्ञेला दिला तर ग्लिफ 5.

स्ट्रिंगमध्येच वेलांटी पुढे सरकवायचा सल्ला हमखास मिळतो. तसं करू नका. ‘स्थिती’त ती अख्ख्या ‘स्थ’च्या आधी यावी लागते, शिवाय मजकूर उलटापालटा साठवला की पीडीएफमध्ये नाव शोधून सापडत नाही.

साइट-पॅकेजेसमधली (पायथनच्या लायब्ररी जिथे इन्स्टॉल होतात त्या फोल्डरमधली) फाइल जागेवर बदलली तर पुढच्या अपग्रेडमध्ये बदल पुसला जातो. म्हणून पिप (पायथनचं लायब्ररी इन्स्टॉल करणारं साधन) दाखवतं त्याच आवृत्तीचा टॅग, म्हणजे त्या आवृत्तीचा सोर्स कोड, गिटवरून घेतला, तो बदलता येईल असं एडिटेबल इन्स्टॉल केलं आणि त्या लूपच्या जागी हार्फबझ बसवलं. तरी मात्रा भलतीकडे पडत होत्या, कारण ग्लिफ नवे असले तरी रुंद्या जुन्याच वापरल्या जात होत्या. हार्फबझ सरकण्याचं अंतर आणि ऑफसेट फाँटच्या एककात देतं. नोटोत एका एमची (फाँटच्या आकाराएवढ्या मापाची) 1000 एककं, मंगल या फाँटमध्ये 2048. 1000 हा आकडा कोडमध्ये ठोकून दिला की मंगलची अक्षरं दुपटीने फाकतात. भागाकार फाँटच्या स्वतःच्या आकड्यानेच करावा.

नवं काम असेल तर सरळ एफपीडीएफ2 ही पायथन लायब्ररी घ्यावी. तिच्यात टेक्स्ट शेपिंगची सोय आहे. हार्फबझ पायथनमधून वापरू देणारं युहार्फबझ वेगळं इन्स्टॉल करून ती चालू करावी लागते. मंडळाचा आधीचा पावती प्रोग्राम नुसता एक्झे होता, म्हणजे सोर्स कोड न दिसणारी चालती फाइल. तिथे विक्रेत्याला स्क्रीनशॉट पाठवण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

शेवटी टू-युनिकोड मॅप (कोणत्या ग्लिफमागे कोणते कोडपॉइंट, ही पीडीएफमधली नोंद) तपासा. एका ग्लिफमागे दोन-तीन कोडपॉइंट असू शकतात आणि ते सगळे त्यात नोंदवावे लागतात. पीडीएफमधला मजकूर बाहेर काढणारं पीडीएफ-टू-टेक्स्ट चालवून ‘वर्गणी’ जशीच्या तशी परत मिळते का, ते पाहा. माझ्या पहिल्या पॅचमध्ये छपाई बिनचूक होती, पण कॉपी केल्यावर ‘वगणी’ येत होतं.