स्पेक्टर पॅच झालं ना, मग अजून काय उरलंय?

मी प्रोसेसर आर्किटेक्चरवर काम करतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो, की ते स्पेक्टर आणि मेल्टडाऊन, म्हणजे प्रोसेसरमधून गुप्त डेटा चोरायचे दोन प्रकार, 2018 च्या जानेवारीत बाहेर आलं, पॅचेस आले, मग त्यावर अजून रिसर्च कसला चाललाय? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेल्टडाऊनचं लवकर आटपतं. ओएसने कर्नलची, म्हणजे स्वतःच्या गाभ्याची, पेज टेबल्स (कुठला डेटा मेमरीत कुठे आहे याचे नकाशे) वेगळी केली, पुढच्या चिप्समध्ये हार्डवेअरच सुधारलं, झालं. स्पेक्टरचं तसं नाही, तिथे काही बिघडलेलंच नाहीये, प्रोसेसर जसा चालायला हवा तसाच चालतोय आणि तीच खरी अडचण आहे.

रॅममधून एक आकडा यायला प्रोसेसरच्या घड्याळाचे दोनेकशे ठोके, म्हणजे सायकल, सहज जातात. तेवढा वेळ नुसतं थांबायचं नाही म्हणून प्रोसेसर अंदाजाने पुढची कामं उरकत राहतो. आता समजा कोडमध्ये चेक आहे, इंडेक्स (कितवी जागा) ॲरेच्या, म्हणजे यादीच्या, लांबीपेक्षा कमी असेल तरच वाच. लांबी अजून रॅममधून यायचीये, पण आधी दरवेळी इंडेक्स बरोबरच होता म्हणून प्रोसेसरमधला अंदाज बांधणारा भाग, ब्रँच प्रेडिक्टर, म्हणतो आत्ताही असणार, आणि प्रोसेसर हद्दीबाहेरचा, दुसऱ्याच कुणाचा तरी गुप्त बाइट वाचतो, वर तोच बाइट इंडेक्स म्हणून वापरून दुसऱ्या ॲरेतली एक जागा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आणतो. मग लांबी येते, अंदाज चुकला हे कळतं, रजिस्टर्स, म्हणजे प्रोसेसरच्या आतले हिशोबाचे कप्पे, सगळे पूर्ववत होतात. कॅश मात्र होत नाही! बाइटच्या शक्य किमती 256, हल्लेखोराने तेवढ्या जागा एकेक करून वाचायच्या आणि वेळ मोजायचा, जी पटकन येते तिथे तुमचं सीक्रेट.

आता यावर उपाय म्हणून अंदाज लावणंच बंद केलं तर? स्पीड इतका पडेल की तो प्रोसेसर कुणी वापरणार नाही. म्हणून पॅचेस ठरावीक वाटा बुजवतात, आणि नवीन वाट सापडते. रेटपोलीन, म्हणजे कोडमधल्या काही उड्यांचा अंदाज टाळायला त्या रिटर्न (फंक्शन संपल्यावर मागे परतायची इन्स्ट्रक्शन) वापरून लिहिणं, हा त्यातला गाजलेला उपाय, पण 2022 मध्ये ईटीएच झ्युरिक या स्विस विद्यापीठातल्या लोकांनी रेटब्लीड नावाचा हल्ला दाखवला, म्हणजे एएमडी आणि इंटेलच्या काही प्रोसेसर्सवर रिटर्न इन्स्ट्रक्शनचा अंदाजही हवा तसा वळवता येतो, आणि रेटपोलीन तर रिटर्नच्याच भरवशावर उभं होतं.

मला स्वतःला 2019 ची स्पेक्युलेटिव्ह टेंट ट्रॅकिंगची (taint, म्हणजे डाग) कल्पना फार आवडते. अंदाजाने वाचलेल्या डेटावर खूण करायची, त्यावर बेरीज-वजाबाकी खुशाल करू द्यायची, पण ज्या इन्स्ट्रक्शनमधून तो बाहेर फुटू शकतो, म्हणजे तोच डेटा पत्ता म्हणून वापरून मेमरीतून वाचणं (लोड) वगैरे, ती अंदाज खरा ठरेपर्यंत अडवून धरायची. अडवलं की थोडा स्पीड जातो, खुणा सांभाळायला जास्तीचं सर्किट लागतं, त्याची पॉवर वेगळी. हा खर्च कमी कसा करायचा आणि तरी काही फुटणार नाही हे सिद्ध कसं करायचं, सध्या यावरच काम चालू आहे.