राप्तीकाठचं गवत

नेपाळमधल्या चितवनच्या जंगलात जाणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात गेंडा असतो. माझ्याही होता. पहिल्याच संध्याकाळी सौराहा गावाजवळ राप्ती नदीच्या पाण्यात डुंबणारा एक दिसला, फोटो काढून झाले. पुढचे दोन दिवस मात्र माझी नजर गवतावरून हलेना.

पुरुषभर उंचीच्याही वर गेलेलं गवत. पात्याच्या कडेवरून सहज बोट फिरवलं, तर रक्ताची बारीक रेघ उमटली. आमचे गाईड हसले. लहानपणी आईबरोबर ते हेच कापायला यायचे. याचं छप्पर होतं, आणि बोरूसारख्या जाड देठांच्या कुडाला चिखल लिंपला की भिंत. १९७३ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि हे गवत तोडणं गुन्हा ठरलं. लोक भडकले. मग काही वर्षांतच हिवाळ्यात ठरावीक दिवस आत सोडायला सुरुवात झाली. सुरुवातीला मिळणारी मुदत घटत घटत आता मोजक्या दिवसांवर आली आहे. गंमत म्हणजे कापल्या-जाळलेल्या गवताला जो कोवळा फुटवा येतो, तो गेंड्या-हरणांना हवाच असतो. नाहीतर कुरणात हळूहळू झाडं शिरतात.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस इथे जेमतेम शंभर गेंडे उरले होते. २०२१च्या गणनेत ६९४. आकडा ऐकून मी खूश झालो, गाईड झाले नाहीत. "शेत कुणाचं खातात?" म्हणाले.

१९९६पासून भोवतालच्या गावांचं बफर क्षेत्र, म्हणजे उद्यान आणि बाहेरची वस्ती यांच्यामधला पट्टा, आहे आणि उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा तिथल्या लोकांसाठी राखलेला असतो. म्हणजे माझ्या तिकिटातलाही थोडा. व्यवस्था चांगलीच आहे, पण हॉटेलवाल्याच्या दारात गेंडा आला की त्याचा धंदा होतो, आणि चार कोस पलीकडच्या शेतकऱ्याच्या दारात आला की भात जातो. हे गणित वाट्याने पुरतं सुटत नाही, असं मला तरी वाटलं.

शेवटच्या रात्री शेतातल्या मचाणावर बसलो होतो. मध्यरात्री शेजारच्या मचाणावरून डबा बडवल्याचा आवाज आला, मग आरोळ्या, बॅटऱ्यांचे झोत. दिसलं काहीच नाही. उजाडल्यावर खाली उतरलो, तर भाताच्या लोंब्या आडव्या करत गेलेली एक रुंद वाट, तिच्यात तीन बोटांचे खोल ठसे, सरळ नदीकडे. मचाणावरचे आजोबा वाकून आडवी रोपं एकेक करून उभी करत होते.