वेबिलातले बाराशे

फेब्रुवारी 2024. रिसेप्शनवरून फोन आला, "मॅडम, बार्शीहून एक काका-काकू आलेत. ईसॉपचं विचारतायत." ती मुलगी ईसॉप म्हणताना जराही अडखळली नाही. बाणेरच्या आमच्या ऑफिसात चहावाल्यालाही हा शब्द पाठ आहे.

मी या कंपनीत कंपनी सेक्रेटरी आहे, म्हणजे कंपनीचे कायदेशीर कागद आणि नोंदी माझ्याकडे. सॉफ्टवेअरची कंपनी, पावणेदोनशे माणसं, शेअर बाजारात अजून न आलेली. पगार जरा हात आखडून द्यायचा आणि वर कागद द्यायचा, की पुढे इतके शेअर दहा रुपयांच्या भावाने घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. या हक्काला ऑप्शन म्हणायचं आणि योजनेला ईसॉप. हा कागद मी तयार करते, वर्षाला पन्नासेक तरी. इंटरव्ह्यूत आमचे एचआरवाले नव्वदच्या दशकातल्या इन्फोसिसची गोष्ट अजून सांगतात, शिपाई आणि ड्रायव्हरसुद्धा लखपती झाल्याची. गोष्ट काही खोटी नाही. पण तिच्या जिवावर किती जणांनी किती वर्षं कमी पगारात काढली, हे कुणी मोजलेलं नाही.

काका छोट्या मीटिंगरूममध्ये बसले होते. पांढरा फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. काकू शेजारी, मांडीवर कापडी पिशवी. त्यांचा मुलगा आमच्याकडे टेस्टिंगला होता. एकोणतीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. नोव्हेंबरात अपघातात गेला. शोकसभेत मी दोन मिनिटं उभी राहिले होते, माझा त्याच्याशी एवढाच संबंध. सहीपुरता आणखी एक होता, तो पुढच्या पाच मिनिटांत कळला.

काकांनी एलआयसीचं फोल्डर उघडलं. मृत्यूचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, तहसीलचा दाखला, सगळं तारखेवार. मग दोन कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. पहिला जुलै 2021 चा, 2,400 ऑप्शन दिल्याचा. दरवर्षी पाव हिस्सा, चार वर्षांत पूर्ण. दुसरा आमचाच, जानेवारीचा: 1,200 ऑप्शन तुम्ही वापरू शकता, उरलेले 1,200 रद्द झाले आहेत. दोन्हीवर पेन्सिलीच्या बारीक टिका. दुसऱ्याखाली माझी सही.

"मॅडम, मी छत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. वेबिल, म्हणजे तिकिटं नि पैशाचा हिशोब, जुळलं नाही तर डेपोतनं घरी सोडत नव्हते. ह्यात बाराशे जुळंना."

हे समजावणं माझ्या रोजच्या सवयीचं. मी सुरू केलं. "काका, हे ऑप्शन एकदम हातात येत नाहीत. दर जुलैला सहाशे पक्के होतात. 2022 चे सहाशे आणि 2023 चे सहाशे झाले. पुढचे पक्के व्हायच्या आत माणसानं नोकरी सोडली की ते..."

"त्यानं सोडली नाही ओ."

आवाज चढवून नाही. तिकिटाचा पैसा चुकीचा दिला तर कंडक्टर जसा सांगतो, तसं.

मी तिथेच थांबले. कारण नियम मला माहीत होता. 2014 चे भागभांडवलाचे नियम, त्यातला बारावा. परीक्षेला पाठ केलेला: कर्मचारी नोकरीत असताना वारला, तर त्या तारखेपर्यंत दिलेले सगळे ऑप्शन त्याच्या वारसांकडे किंवा नॉमिनीकडे पक्के होतात. सगळे. कायमचं अपंगत्व आलं तरीही सगळे. रद्द होतात ते राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर, आणि तेही फक्त पक्के न झालेले. आमच्या स्कीममध्येसुद्धा हे कलम शब्दशः आहे. ते मीच घातलं होतं.

"दोन मिनिटं बसा," म्हणून मी जागेवर आले आणि एचआरचं सॉफ्टवेअर उघडलं. माणूस कंपनीतून गेला की तिथे कारण निवडावं लागतं. यादी खाली उघडते: राजीनामा, बडतर्फी, करार संपला, निवृत्ती, इतर. मृत्यू नाही. एचआरच्या मुलीने 'इतर' निवडलं. ती तरी काय करणार. 'इतर' म्हटलं की यंत्र त्याच रात्री पक्के न झालेले ऑप्शन उडवून टाकतं आणि पत्राचा मसुदा माझ्याकडे पाठवतं. मी त्या महिन्यात अशी अकरा पत्रं सही केली होती. ऑप्शनची नोंद ठेवायची कायद्याने एक वही असते, एसएच-6. त्यातही 1,200 रद्द, खाली पुन्हा माझीच सही.

फाउंडरला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न: "ते तर पूलमध्ये, राखीव साठ्यात, परत गेले ना? जानेवारीत आपण नव्या लोकांना दिले त्यातून." म्हटलं, दिले असतील, पण हे मुळात रद्दच झालेले नव्हते. पूलमध्ये शिल्लक आहे, त्यातून भागतं. जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "कर दुरुस्त." माणूस वाईट नाही. त्या मुलाचं आडनाव मात्र त्याला मी सांगावं लागलं.

परत येऊन मी काकांना सांगितलं, चूक आमची आहे, चोवीसशेच्या चोवीसशे तुमचे. त्यांनी पेन्सिल काढली आणि बाराशेच्या टिकेपुढे शून्य काढलं. वेबिल जुळलं असावं.

खरं अवघड पुढे होतं. मुलाने नॉमिनीचा फॉर्म कोरा ठेवला होता. एकोणतिसाव्या वर्षी कोण भरतो? मग वारस कोण ते ठरवणार 1956 चा हिंदू वारसा कायदा. त्यात मृत्युपत्राशिवाय गेलेल्या अविवाहित मुलाची आई पहिल्या वर्गात येते आणि बाप दुसऱ्या. पहिल्या वर्गात एक जरी माणूस असेल तर दुसऱ्याला काही नाही. तीन महिने बार्शीहून खेपा घालणाऱ्या, प्रत्येक कागदावर टिका करणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? मी सांगितलं. तहसीलचा दाखला चालणार नाही, कोर्टाचा लागेल, तेही सांगून टाकलं.

काका काकूंकडे वळून म्हणाले, "तुजं हाय सगळं. सही कर आता."

काकू पहिल्यांदाच बोलल्या. "किती येतील?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर देणं माझ्या धंद्यात जमत नाही. आमच्या शेवटच्या मूल्यांकनात शेअरची किंमत 640 रुपये आली होती. चोवीसशे गुणिले 640, म्हणजे पंधरा लाख छत्तीस हजार. पण हा आकडा मूल्यांकनाच्या कागदावरचा. काउंटरवर जाऊन तो कुणी हातात ठेवणार नाही. शेअर घ्यायला आधी चोवीस हजार भरायचे, वर कराचा विषय. नोकरीतल्या माणसाने ऑप्शन वापरले की किंमत आणि भरलेली रक्कम यांतला फरक पगार धरला जातो, मग हातात रुपया आलेला असो वा नसो. सरकारने मान्यता दिलेल्या काही स्टार्टअपना 2020 पासून हा कर कापण्यासाठी काही वर्षांची सवड आहे. आमची कंपनी त्यात बसत नव्हती.

"आणि ते शेअर विकायचे कुटं?" काकांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला आमच्या इंजिनीअरांपैकी फार थोड्यांनी विचारलाय. मी जे खरं ते सांगितलं. कंपनी बाजारात आली, कुणी मोठा गुंतवणूकदार घ्यायला तयार झाला किंवा कंपनीने स्वतः परत विकत घेतले, तरच. कायद्यात कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनमधले शेअर परत घेण्याची वेगळी वाट आहे, पण ती वाट धरायची की नाही ते संचालक मंडळ ठरवतं. "आज पैसे भरू नका. स्कीममध्ये वारसांना बारा महिने आहेत. कराबद्दल आमच्या सल्लागाराचं लेखी पत्र येऊ द्या, मग ठरवा." हे कंपनीच्या सोयीचं होतं की त्यांच्या, हे मी स्वतःला दोनदा विचारलं.

मग डीमॅट, म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीत ठेवायचं खातं. छोट्या सोडून इतर प्रायव्हेट कंपन्यांनीही शेअर डीमॅटमध्येच द्यायचे असा नियम नुकताच आला होता, सप्टेंबरची मुदत समोर होती. काकूंचं पॅन कार्ड होतं, मुलानेच काढून दिलेलं. माझ्याच फोनवर खातं उघडायला बसलो. ॲप म्हणालं कॅमेऱ्याकडे बघा, डोळे मिचकवा. काकूंनी तीनदा मिचकावले. तिसऱ्यांदा हिरवी बरोबरची खूण आली. व्यवसाय: गृहिणी. वार्षिक उत्पन्न: एक लाखाच्या आत. पुढचा रकाना, नॉमिनी.

"ह्यांचं लावा," काकू म्हणाल्या.

मी काकांचं नाव टाकत असताना ते पुढे वाकले. मगाशी बोलता बोलता मी डिसेंबरातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगून बसले होते, शेअरमध्ये नॉमिनी म्हणजे मालक नव्हे असा.

"म्हणजे मी फकस्त सांभाळणार," ते म्हणाले. "कंडक्टरच की पुन्हा."

त्यांनी पेन्सिलीने जन्मतारीख लिहून चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.