निकेल हिरवं, निकेल केशरी

काल दुपारी लॅबमध्ये एमएस्सीच्या पोरांना निकेलचा कॉम्प्लेक्स (मध्ये धातू आणि त्याला धरून बसलेले अणू-रेणू) करून दाखवला आणि त्यांची तोंडं बघून मला माझं पीएचडीचं पहिलं वर्ष आठवलं, म्हणून लिहायला बसलोय. करायचं काय, तर निकेल क्लोराईडचे हिरवे खडे गरम इथेनॉलमध्ये विरघळवायचे, दुसऱ्या फ्लास्कमध्ये डीपीपीई नावाचा लिगँड (धातूला धरणारा रेणू, याला फॉस्फरसची दोन टोकं) तसाच गरम इथेनॉलमध्ये घ्यायचा आणि एकात दुसरं ओतायचं. ओतल्या ओतल्या हिरवा रंग जातो आणि जिलेबीसारखा केशरी साका तळाला बसायला लागतो. तेच निकेल ट्रायफेनिलफॉस्फिन या एकाच फॉस्फरसच्या लिगँडबरोबर घेतलं तर मात्र गडद हिरवं राहतं. धातू तोच, त्याच्यावरचा चार्ज तोच, फक्त त्याच्याभोवती कोण बसलंय आणि कसं बसलंय एवढंच बदललं. केशरीत चारही जण एका पातळीत चौकोनात बसतात, हिरव्यात ते टेट्राहेड्रल होऊन, म्हणजे चार टोकांच्या पिरॅमिडसारखे, पसरतात. मला आजही हे बघायला लई आवडतं.

माझं काम सुझुकी कपलिंगवर आहे, म्हणजे दोन बेंझीन रिंगा एकमेकींना जोडायच्या, एकीवर क्लोरीनसारखा अणू, दुसरीवर बोरॉन. माझे बाबा बीपीची लोसार्टनची गोळी घेतात, त्या रेणूच्या मधोमध अशाच दोन जोडलेल्या रिंगा आहेत, त्यामुळे घरी कुणी विचारलं की तू नेमकं करतोस काय, तर मी ती स्ट्रिपच दाखवतो. या प्रकारच्या रिअॅक्शनसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना 2010 मध्ये नोबेल मिळालं, आणि त्या सगळ्यात कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिअॅक्शन घडवणारा) म्हणून राबणारा धातू पॅलेडियम. पॅलेडियम महाग, निकेल त्याच्या मानाने कितीतरी स्वस्त, आणि शिवाय क्लोरीनवाला कच्चा माल निकेल जास्त आनंदाने घेतं. कच्चा माल म्हणून क्लोराईड (क्लोरीन लागलेल्या रिंगा) स्वस्त आणि सहज मिळणारे, पण रिंगेवरचा कार्बन-क्लोरीन बंध तोडायला मोलमागे साधारण 95 किलोकॅलरी लागतात, ब्रोमीनला 80 च्या आसपास, आयोडीनला 65, म्हणजे जे स्वस्त तेच सगळ्यात हट्टी. पॅलेडियमकडून हे क्लोराईड साध्या ट्रायफेनिलफॉस्फिनवर नीट होत नव्हते, 1998 च्या सुमाराला बुकवाल्ड आणि फू यांच्या गटांनी भरपूर पसरट फॉस्फिन (फॉस्फरसवाले लिगँड) लावले तेव्हा कुठे ते सुरळीत व्हायला लागले.

तर पहिल्या वर्षी मी तो केशरी कॉम्प्लेक्स घेतला. का घेतला, तर देखणा होता. हवेत उघडा ठेवला तरी काही होत नाही, क्रिस्टल असे यायचे की बघत राहावं, एनएमआर (रेणूची रचना आणि शुद्धता दाखवणारी चाचणी) स्वच्छ. मला वाटलं इतका पक्का कॉम्प्लेक्स म्हणजे कॅटॅलिस्टपण पक्काच असणार. संध्याकाळी रिअॅक्शन लावायची, रात्रभर स्टिररवर, सकाळी टीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या डागांत दाखवणारी पट्टी) काढली की सुरुवातीच्या मालाचा डाग जिथल्या तिथे. बेस बदलला, सॉल्व्हंट बदलला, टेंपरेचर वाढवलं, सहा महिने असेच गेले. नुसतं एकदा कधीतरी फ्लास्कच्या कडेला काळी भुकटी दिसायची, तिचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. मग एक दिवस सरांनी सगळ्या टीएलसी समोर मांडून एकच प्रश्न विचारला, "तुझ्या निकेलला रिकामी जागा कधी मिळते?"

याचं उत्तर मला घरी मिळालं. आई सिंकमध्ये खेकडे साफ करत होती आणि एकाने चमच्याच्या दांड्याला दोन्ही नांग्यांनी धरलं होतं, आई म्हणाली, "बघ की, सोडंना झालाय." डीपीपीईसारख्या दोन टोकांनी धरणाऱ्या लिगँडला चीलेट म्हणतात आणि तो शब्दच मुळी खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून आलाय. रिअॅक्शन सुरू होताना टू प्लस चार्जचं निकेल भांड्यातच इलेक्ट्रॉन घेऊन झिरोवर यायला लागतं, आणि तिथेच घोळ होतो: एका निकेलला दोन-दोन डीपीपीई येऊन धरतात, चारही जागा भरतात, अठरा इलेक्ट्रॉन (धातूचं पोट भरल्याचा आकडा) पूर्ण होतात आणि ते निकेल समाधानाने बसून राहतं, क्लोराईडने यायचं तरी कुठे. उरलेलं निकेल लिगँडविना उघडं पडतं आणि काळं होऊन खाली बसतं. माझी काळी भुकटी ती हीच.

म्हणजे मी सहा महिने चुकीच्या गोष्टीला चांगलं म्हणत होतो. कॅटॅलिस्टने धरायला पाहिजे तसं वेळेवर सोडायलाही पाहिजे, आधी क्लोराईडच्या बंधात शिरायचं, मग बोरॉनकडून दुसरी रिंग घ्यायची आणि शेवटी दोघींना जोडून बाहेर ढकलून द्यायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. नुसत्या स्थैर्यावर कॅटॅलिस्ट निवडायचा नाही हे मी तिथे शिकलो.

मग डिझाईन म्हणून मी कोनाकडे बघायला लागलो. डीपीपीईच्या दोन फॉस्फरसमध्ये धातूपाशी साधारण 85 अंशाचा कोन होतो. डीपीपीएफ नावाच्या लिगँडचा पाठीचा कणा म्हणजे फेरोसीन, तेच 1951 सालचं केशरी सँडविच, त्याच्यामुळे दोन फॉस्फरस लांब राहतात आणि कोन 95 च्या वर जातो. कोन मोठा झाला की समोरच्या दोन रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात आणि जोडून सुटायला सोपं पडतं. लिगँडच्या जाडीचं म्हणाल तर 1977 मध्ये टोलमन या रसायनज्ञाने फॉस्फिनच्या शंकूचे कोन, म्हणजे धातूभोवती ते किती जागा व्यापतात, छापले, ट्रायफेनिलफॉस्फिन 145 अंश, ट्राय टर्ट ब्यूटिलफॉस्फिन 182, म्हणजे हा दुसरा धातूच्या अर्ध्याहून जास्त बाजू व्यापून बसतो आणि शेजारी दुसऱ्याला सहसा येऊ देत नाही. डीपीपीएफचा निकेल कॉम्प्लेक्स हिरवा, दिसायला त्या केशरीएवढा देखणा नाही. पण पहिल्याच रात्रीनंतर टीएलसीवर नवा डाग आला आणि सुरुवातीचा जवळजवळ गेला होता.

मी धावत सरांकडे गेलो. ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, ब्लँक लावलास का, म्हणजे निकेल न घालता बाकी सगळं तसंच. लावली. त्या ब्लँकमध्येपण तो डाग आला, अंधुक, पण होता. त्या दिवशी जेवण गेलं नाही. आठवडाभर शोधल्यावर सापडलं ते फ्लास्कमध्ये ढवळायला टाकतात त्या मॅग्नेटिक बारवर: जुना टेफ्लॉनचा बार, एका टोकाला चरे पडलेले आणि चऱ्यांत काळपट थर, कुणीतरी आधी त्याच्यावर पॅलेडियमच्या रिअॅक्शन केलेल्या. एवढासा थर कमी वाटेल, पण 2003 मध्ये निकोलस लेडबीटर या रसायनज्ञाच्या गटाने धातूशिवाय सुझुकी होते असं छापलं होतं आणि 2005 मध्ये त्यांनीच कळवलं की बेस म्हणून वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये पॅलेडियम होतं, अब्जात 50 भाग एवढं. स्वतःच स्वतःचं तपासून परत छापायचं, मला त्या माणसांचा फार आदर वाटतो.

नवे बार आणले, नवा बेस उघडला, सगळ्या रिअॅक्शन पुन्हा लावल्या. ब्लँक स्वच्छ आली, हिरव्यातला डाग जागेवर राहिला. तेव्हापासून माझे बार वेगळ्या डब्यात असतात, त्याच्यावर लाल टेपने लिहिलंय, फक्त निकेल.

काल त्या पोरांपैकी एकीने तो केशरी साका वाळवून बाटलीत भरला आणि विचारलं, "दादा, उद्या हाच लावायचा का कपलिंगला?" म्हटलं लाव की, पण शेजारी डीपीपीएफच्या हिरव्याची एक लाव आणि एक निकेल न घालता, आणि बार लाल टेपच्या डब्यातले घे.