तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याचा शत्रू

अमेरिकेच्या हवाई दलाकडे एवढी विमानं असताना सरावातला शत्रू खासगी कंपनीकडून भाड्यानं कशाला आणायचा, असं बरेच जण विचारतात. उत्तर उड्डाणाच्या तासांत आहे. चार एफ-२२ लढाऊ विमानांना कस लागेल असा सराव द्यायचा, तर समोर आठ-दहा ‘लाल’, म्हणजे शत्रूची भूमिका करणारी, विमानं हवीत. ती स्वतःच्याच स्क्वाड्रनमधून काढली, की त्या वैमानिकांचे तास शत्रूचं सोंग वठवण्यात जातात आणि महागड्या विमानाचं आयुष्य मात्र तेवढंच झिजतं. म्हणून ड्रॅकन, एटॅक, टॉप एसेस, टॅकएअर या कंपन्या जुनी लढाऊ विमानं घेऊन तासांवर सेवा विकतात. विमानांना नागरी नोंदणी असते, वैमानिक बहुतेक निवृत्त फायटर पायलट. पंखाखालच्या क्षेपणास्त्राला फक्त शोधक डोकं असतं, ते सुटत नाही.

या कामात जिंकायचं नसतं. ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेगानं, ठरलेल्या क्षणी समोर यायचं. रडार चुकवण्याची ‘नॉच’ ही युक्ती घ्या. समोरच्या रडारला काटकोनात वळलं, की वळणाऱ्या विमानाचा स्वतःचा त्या रडारकडे येण्याचा वेग शून्यावर येतो आणि वेगावरून लक्ष्य ओळखणारं डॉप्लर रडार त्या विमानाला जमिनीचा गोंगाट समजून गाळून टाकतं. हरवलेलं लक्ष्य परत पकडणं, हा शिकाऊ वैमानिकाचा धडा. लाल वैमानिक काटकोनाऐवजी सत्तर अंशांतच वळला, तर लक्ष्य सुटतच नाही. इंधन जळतं, धडा राहूनच जातो. उलट, जुन्या खोडीनं तो जिंकायलाच बसला, तरी तेच. सरावात ‘मेलेलं’ विमान ठरलेल्या रेषेमागे जाऊन नवा शत्रू म्हणून परत येतं. अशी चार विमानं आठ-बारांचं काम करतात, पण तेवढं इंधन टाकीत असलं तर. एफ-५ या छोट्या जुन्या लढाऊ जेटची अडचण नेमकी इथेच.

मग कुठलंही स्वस्त जेट का चालत नाही? ए-४ स्कायहॉक ध्वनीच्या वेगापलीकडे जात नाही. क्षेपणास्त्राचा पल्ला सोडणाऱ्याच्या वेगावर आणि उंचीवर ठरतो, त्यामुळे त्याचा ‘वार’ खऱ्या शत्रूपेक्षा आखूड पडतो आणि समोरच्याला फुकटचा धीर येतो. तरी ड्रॅकननं न्यूझीलंडकडून घेतलेल्या ए-४के या स्कायहॉकच्याच प्रकाराला मागणी होती, कारण त्यात एफ-१६च्या रडारचंच भावंड, एपीजी-६६ होतं. माझ्या मते या धंद्यात विमानाच्या वयापेक्षा नाकातलं रडार आणि पंखाखालचा जॅमर (समोरचं रडार गोंधळवणारं यंत्र) जास्त मोलाचा. टॉप एसेसनं इस्रायलची जुनी एफ-१६ घेऊन त्यांत नवं एईएसए (किरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं वळवणारं) रडार आणि उष्णतेवरून विमान हेरणारे इन्फ्रारेड शोधक बसवले, ते त्याचसाठी.

खरी डोकेदुखी सुट्या भागांची. एटॅकनं २०१७मध्ये फ्रान्सची ६३ मिराज एफ-१ घेतली, ती सगळी उडवायला नव्हे. त्यांतली काही भागांसाठीच असतात. इंजिन कारखान्यात बनणं कधीच थांबलेलं, म्हणून एकातलं काढून दुसऱ्यात घालायचं. वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या काडतुसांना मात्र ही युक्ती चालत नाही. त्यांना मुदत असते. ती संपली आणि नवी आली नाहीत, तर इंजिन, रडार सगळं ठणठणीत असूनही विमान हँगरमध्येच.